प्रत्येक घराचा तोच पत्ता

दुपारी जेवायला घरी आलेल्या भिंगरावाला आईने दारातच धरलं.

"हे तुझं इंटरनेट मेलंय," ती म्हणाली. "नुसतं गोल गोल फिरतंय. किती दिवस मी गप्प बसले, आता नाही बसणार."

तिच्या हातात टॅब्लेट होता आणि कपाळावर आठ्या. पाच मजले चढून आल्यामुळे भिंगरावाला लगेच काही बोलता येईना. तो चौकटीला टेकून श्वास घेत राहिला आणि आई टॅब्लेट त्याच्या नाकासमोर धरून उभी राहिली.

चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या डोळ्यांची मापं घ्यायची, काचा घासायच्या, कडा उतरवायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. इतकी वर्षं तेच करत आल्यामुळे दुकानात त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडात राहिलं नव्हतं. मालकापासून गल्ल्यावरच्या ताईपर्यंत सगळे भिंगराव म्हणायचे.

घरात दोघंच, तो आणि आई. बायको तीन वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात गेली होती. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातले कॉम्प्युटर आणि ते एकमेकांना जोडणारं सगळं जाळं सांभाळायची नोकरी तिला लागली होती. वर्षभरासाठी म्हणून गेली. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं भिंगरावाला पुढे पुढे वाटायला लागलं; भांडण निदान मिटवता तरी येतं. तिने विचारलं होतं, "जाऊ ना मी?" आणि हा म्हणाला होता, "तुझी मर्जी." म्हणायचं होतं ते वेगळंच. तू गेलीस की घर खायला उठेल, असं काहीतरी. पण तोंडातून निघाले ते हे दोन शब्द. तिने त्यातून काढायचा तो अर्थ काढला आणि बॅग भरली. एका वर्षाची दोन झाली, दोनाची तीन. रोजचे फोन आठवड्यावर गेले, मग महिन्यावर, मग काही कागदपत्रं हवी असली तरच. गेल्या कित्येक महिन्यांत तर तेही नव्हतं.

टॅब्लेट गोल गोल फिरायला लागला त्याच आठवड्यात इंटरनेट कंपनीचा मेसेज आला होता. या भागातल्या जुन्या राउटरमध्ये बाहेरचे लोक घुसत आहेत, तरी ग्राहकांनी आपला पासवर्ड ताबडतोब बदलावा. खाली एक लिंक होती. भिंगरावाने तिला बोट लावलं नाही. गल्ल्यावरच्या ताईने असल्याच एका लिंकवर बोट ठेवलं होतं आणि तिचं खातं कुणीतरी ताब्यात घेऊन तिच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना 'मी अडचणीत आहे, मदत करा' असे मेसेज पाठवले होते. ताई दोन दिवस रडत होती. तिच्या मामांनी तर दवाखान्यात जायला रिक्षासुद्धा बोलावली होती.

म्हणून त्याने राउटरच्या पाठीवर छापलेल्या नंबरला फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, ब्राउझर उघडा, वरच्या पट्टीत एकशे ब्याऐंशी... मग स्वतःच चुकली, हसली आणि आकडे एकेक करून सांगितले: एक, नऊ, दोन, टिंब, एक, सहा, आठ, टिंब, एक, टिंब, एक. त्याने ते टाकले. पडद्यावर लाल त्रिकोण आला. तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.

भिंगरावाने लॅपटॉप असा मिटला, जसं काही आतून कुणी हात बाहेर काढणार होतं.

"ते येतंच सर," मुलगी म्हणाली. "तुम्ही 'पुढे जा' वर क्लिक करा."

"येतंच म्हणजे? चोर आहेत असं लिहिलंय त्यात."

"सगळ्यांना येतं सर."

सगळ्यांना येतं, हे काही त्याला उत्तर वाटलं नाही. सगळ्यांना तर मोतीबिंदूही होतो.

समोरच्या दारात राहणाऱ्या निवृत्त मास्तरांना विचारलं, तर ते पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "दाबायचं आणि मोकळं व्हायचं. एवढं वाचत बसलं तर जगणं मुश्कील होईल." मास्तर आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा असं सांगत आले होते, हे भिंगरावाच्या मनात आलं, पण बोलला नाही.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्या मुलीने दुसरा उपाय सांगितला. राउटरच्या मागे बारीक भोक असतं. त्यात सुई घालून दाबून धरा. सगळं पहिल्यासारखं होईल, कारखान्यातून आलं होतं तसं.

त्याने खिशातला स्क्रू पिळायचा बारीक पेचकस काढला. फ्रेमच्या दांड्यांचे स्क्रू बसवायचा, सुईपेक्षा जरा जाड. त्या भोकात तो अगदी बरोबर बसत होता.

"सगळं म्हणजे काय काय जाईल?" त्याने विचारलं.

"सगळंच सर. पासवर्ड, वाय-फायचं नाव. नाव तुम्ही नवीन ठेवू शकता."

भिंगरावाने पेचकस बाहेर काढला.

नाव बायकोने ठेवलेलं होतं. हे घर घेतलं तेव्हा लिफ्ट बंद होती आणि बिल्डर म्हणत होता, महिन्याभरात सुरू होईल. सामान पाचव्या मजल्यावर चढवून झाल्यावर ती जमिनीवर आडवी पडली आणि तिने पडल्यापडल्या राउटर लावला. वाय-फायचं नाव ठेवलं 'दम लागला'. लिफ्ट आजतागायत सुरू झाली नाही. चौथ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आलेले पाहुणे फोनवर ते नाव बघून हसायचे. पण भिंगरावाला पेचकस थांबवावासा वाटला तो हसण्यासाठी नाही. ते नाव आणि तो पासवर्ड बायकोच्या फोनमध्ये असणार, आणि ती कधी जिना चढून आली तर बेल वाजवायच्या आधीच तिचा फोन घराला ओळखेल, ही गोष्ट त्याने मनाच्या एका कोपऱ्यात जपून ठेवली होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सांगितली असती तर दुकानातल्या लोकांनी आठवडाभर त्याची टर उडवली असती.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, आई शांतपणे म्हणाली, "तिलाच विचार की."

"कुणाला?"

"जिने लावलंय तिला. आणखी कुणाला?"

"तिला कामं असतात."

"तुला विचारायचं नाही असं सांग. कामाचं कशाला सांगतोस?"

आई आतल्या खोलीत गेली. भिंगरावाने थोडा वेळ टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. मग त्याने फोन लावला आणि तीन वेळा वाजला तेव्हा कापून टाकावा असं त्याला वाटलं, तेवढ्यात तिने उचलला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

"हो. नाव दिसतं अजून." मागे पंख्यांचा एकसुरी आवाज येत होता, मोठ्या यंत्रांच्या खोलीत असतो तसा. "आईंना काही झालं का?"

"नाही, नाही. आई ठणठणीत आहे. राउटरचं होतं."

"कशाचं?"

"राउटरचं. लाल पान येतंय."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला आणि पंखे एकदम लांब गेले. ती बाहेर आली असावी. "लाल पान येतंय म्हणून फोन केलास."

"कंपनीवाली म्हणते दाबा. मास्तर म्हणतात दाबा. मला दाबवत नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मघाचा ताठरपणा नव्हता. "वाच बरं काय लिहिलंय. सगळं वाच. लोक लाल रंग बघतात आणि अक्षरं सोडून देतात."

त्याने वाचलं. हल्लेखोर, चोरी, सगळं.

"खाली बारीक अक्षरात काय आहे?"

त्याने 'प्रगत' लिहिलेल्या ठिकाणी दाबलं, चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ गेला. "हा सर्व्हर आपण तोच आहोत हे सिद्ध करू शकला नाही, असं काहीतरी आहे."

"खरं वाक्य ते. तो चोर आहे असं ब्राउझर म्हणत नाहीये. हा कोण आहे ते मला खात्रीने सांगता येत नाही, एवढंच म्हणतोय."

"मग झालं की! तेच तर वाईट."

"अरे ऐक. बँकेचं पान उघडतोस ना, त्या पानाजवळ एक दाखला असतो. ब्राउझरचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांनी तपासून दिलेला, की बाबा, ही तीच बँक. तुझ्या टेबलावरच्या डब्याला असा दाखला कोण देणार? त्याने आपणच एक कागद लिहिला, खाली आपणच सही केली आणि ब्राउझरपुढे धरला. ब्राउझर म्हणतो, बोलणं कुलूप लावून होईल, पण सही तुझीच आहे, मी तुला ओळखत नाही."

"मग बाहेरून आणावा त्याने दाखला."

"कुठून आणेल? दाखला मिळतो पत्त्याला. आणि हा पत्ता एकट्या आपल्या घराचा नाहीच. हाच नंबर असंख्य घरांमध्ये आहे. घरातल्या घरात वापरायचा म्हणूनच ठेवलाय तो. माझ्या खोलीतही हाच आहे. मी इथे टाकला की माझा डबा उघडतो, तू तिथे टाकलास की तुझा."

'आपल्या घराचा' असं ती म्हणाली होती. बोलण्याच्या ओघात म्हणाली असेल. भिंगरावाने वरच्या पट्टीतल्या आकड्यांकडे पाहिलं. एवढा लांबचा प्रवास, रात्रभराची बस, आणि दोन्हीकडे तोच पत्ता. एवढं असूनही इथे टाकला की तिथलं काही उघडत नाही.

"आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे. दाबू का मग?"

"इतक्यात नाही. हा नंबर तू हाताने टाकलास की मेसेजमधून आला?"

"हाताने. मेसेजला मी शिवलो नाही."

"शहाणा आहेस. आकडे पुन्हा बघ, एखादा इकडचा तिकडे नाही ना? आणि लॅपटॉप कुठल्या वाय-फायवर आहे, नाव वाच."

भिंगराव घुटमळला. "दम लागला."

ती हसली. आधी नाकातून, मग मोकळं. किती दिवसांनी ते हसू त्याच्या कानावर पडत होतं! त्याने फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"अजून तेच आहे?"

"कोण बदलणार?"

"लिफ्ट?"

"महिन्याभरात सुरू होणार आहे."

ती पुन्हा हसली. मग नाक ओढून म्हणाली, "वाय-फायमध्ये दुसरं कुणी घुसलं असेल तर त्यावरून पासवर्ड नको टाकूस. तार लाव. पिवळी तार आहे, टीव्हीखालच्या डाव्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. आणि हळू उघड खण, आई झोपल्या असतील. ती नवी अर्धी गोळी घेतली की त्यांना गुंगी येते ना."

भिंगरावाचा हात खणाच्या मुठीवर तसाच राहिला. ती अर्धी गोळी डॉक्टरांनी याच महिन्यात सुरू केली होती.

"तुला कसं माहीत?"

"अं... ते..." ती अडखळली.

"मी सांगितलं," आतल्या खोलीच्या दारातून आई म्हणाली. ती झोपलेली नव्हतीच. पदर सारखा करत बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. "रोज दुपारी बोलतो आम्ही. तू जेवून दुकानात गेलास की."

"रोज?"

"तुझी सुट्टी सोडून," फोनमधून बायको म्हणाली.

"ती गेली तेव्हापासून?"

"मग काय तोडून टाकू? सून आहे माझी. तुमचं तुम्ही बघा."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?" आई म्हणाली. टॅब्लेट चालत नाही म्हणून आईचा जीव इतका का खालीवर होत होता, ते आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. तो समजत होता, ती जुनी गाणी ऐकते.

त्याला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मन दुसरीकडेच गेलं. म्हणजे या सगळ्या काळात ती रोज या खोलीत येऊन जात होती. ही भिंत, हा पडदा, ही खुर्ची तिला दिसत होती. फक्त तो नसताना.

"माझंही सांगते का आई?" त्याने विचारलं.

"थंडीत तुला खोकला झाला होता. निळा शर्ट कोपरावर फाटलाय तरी टाकत नाहीस. दुकानात नवं मशीन आलंय आणि तू त्याला हात लावायला तयार नाहीस." ती थांबली. "सगळं माहीत आहे मला."

"मला तुझं काहीच माहीत नाही."

हे वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. आई उठली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा आला.

"तार सापडली का?" थोड्या वेळाने बायकोने विचारलं.

सापडली. त्याने एक टोक राउटरमध्ये खुपसलं, दुसरं लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं. तिच्या सांगण्यावरून आकडे पुन्हा टाकले. लाल पान पुन्हा आलं. या वेळी त्याला त्याची भीती वाटली नाही. एखादा नवा वॉचमन आपल्यालाच आपल्या दारात अडवतो, तसं वाटलं. त्याचं काम तो करत होता.

"आता 'पुढे जा' वर दाब," ती म्हणाली. "पण हीच सवय दुसरीकडे लावू नकोस हं. बँक, तिकीट, हॉस्पिटल, कुठलंही बाहेरचं पान असं लाल झालं तर मागे फिरायचं. त्यांना दाखला मिळू शकतो. तरीही नसेल, तर काहीतरी गडबड आहे. घरातल्या डब्याची गोष्ट वेगळी."

लॉगिनचं पान उघडलं. पासवर्ड तिलाच माहीत होता. तिने एकेक अक्षर सांगितलं आणि अर्ध्यातच भिंगरावाला कळलं. 'लिफ्ट कधी सुरू होणार', इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. तो हसायला लागला आणि मग त्याला हसू आवरेना. ती पलीकडून म्हणत राहिली, "अरे, चुकशील, चुकशील," आणि तो खरंच चुकला.

आत जोडलेल्या फोनांची नावं होती. आईचा टॅब्लेट, त्याचा फोन, आणि आणखी चार कुणाचे तरी. त्यातल्या एकाचं नाव चक्क 'मास्तर' असं होतं.

"तरीच!" आई मागून म्हणाली. ती कधीची येऊन उभी होती. "दाबायचं आणि मोकळं व्हायचं म्हणे."

आधी राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड बदलला. मग बायकोने राउटरचं आतलं सॉफ्टवेअर नवीन करायला लावलं. तेवढा वेळ सगळं बंद पडलं आणि दिवे एकेक करून पुन्हा लागले. मग वाय-फायचा पासवर्ड. नाव तसंच ठेवलं. भिंगरावाने विचार करून एक लांबलचक वाक्य टाइप केलं आणि 'जतन करा' या शब्दावर बाण नेऊन थांबला.

"झालं का?"

"हे जतन केलं की तुझा फोन तुटेल इथून."

"माझा फोन तीन वर्षं त्या घरात आलाय कुठे?"

"आला असता तर आपोआप जोडला गेला असता. मी तो विचार करायचो."

इतकं बोलून त्याचे कान गरम झाले. आई स्वयंपाकघरात परत गेली नव्हती, पण तिने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

"जतन कर," बायको हळू म्हणाली. "चार जण घुसलेत घरात. कर."

त्याने केलं.

"नवा पासवर्ड पाठवतो तुला," तो म्हणाला.

"मेसेजमध्ये पासवर्ड पाठवतात का, बावळटा?"

"मग फोनवर सांगतो."

"फोनवर नको."

"मग कसा सांगू?"

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. कुठल्या तरी वॉर्डातलं मशीन बंद पडलं होतं. "मला जावं लागेल," ती म्हणाली, आणि जाता जाता, जसं काही कुणाही ग्राहकाला सांगावं तसं म्हणाली, "समोर बसून सांगायचा असतो."

पुढचे दोन-तीन आठवडे भिंगराव दुकानात काचा घासत होता आणि काचेच्या आरपार बघत होता. मालकाला त्याने कधी सलग दोन दिवसांची रजा मागितली नव्हती, तिच्याकडे जायला मागितली तेव्हा मालकाने आधी विचारलं, "कुणी गेलं का?" आईची सोय मास्तरांच्या बायकोने केली. मास्तरांना नवा पासवर्ड मिळाला नव्हता आणि ते थोडे घुश्शात होते, पण त्यांची बायको बिचारी चांगली होती.

निघताना बसच्या स्टँडवर फुकटचं वाय-फाय होतं. परतीचं तिकीट काढावं म्हणून त्याने बस कंपनीचं पान उघडलं तर तोच लाल त्रिकोण. शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणाला, "'पुढे जा' दाबा." भिंगरावाने त्याच्याकडे दयेने पाहिलं, वाय-फाय बंद केलं आणि तिकिटाच्या खिडकीवरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सकाळी तिकडच्या स्टँडवर ती त्याला घ्यायला आली होती. कानांजवळचे केस पांढरे झाले होते. आईला ते माहीत असणार. त्याला ते त्याच क्षणी कळत होतं. दोघांना काय करावं कळेना, म्हणून तिने त्याची पिशवी घेतली आणि त्याने ती परत घेतली.

तिची खोली हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होती. एक खाट, एक टेबल, एकच खुर्ची. खिडकीतून हॉस्पिटलचं धोबीघर दिसायचं, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा. त्याने सगळं नीट बघून घेतलं. चहाचे दोन कप होते, त्यातल्या एकावर किमतीचं लेबल अजून तसंच होतं. शेगडी कुठे, टॉवेल कुठे, कोणत्या बाजूला डोकं करून झोपते. आता दुपारी आई तिच्याशी बोलत असेल तेव्हा ती कुठे बसली असेल हे तो डोळ्यांसमोर आणू शकणार होता.

खुर्चीवर तिने त्याला बसवलं आणि स्वतः खाटेवर बसली. त्याने पासवर्ड सांगितला. 'आईला विचारून मगच चहा ठेव', आणि मागे वर्षाचे आकडे. तिने फोनमध्ये नाव घातलं, वाक्य घातलं आणि साठवलं. इथून जोडलं जाणार नव्हतं. फोन म्हणाला, हे नेटवर्क आसपास नाही.

"माहीत आहे," ती फोनला म्हणाली.

मग तिने सांगितलं. हॉस्पिटलची नवी इमारत होते आहे, तिचं सगळं जाळं तीच उभं करणार आहे, आणखी दीड वर्ष लागेल. तिला ते काम आवडतं. सोडून यावं असं वाटत नाही आणि इथे राहवतही नाही, दोन्ही खरं आहे. भिंगराव ऐकत होता. या वेळी त्याने घाईने काही म्हटलं नाही. चादरी वाऱ्याने फुगत होत्या आणि खाली बसत होत्या.

"मी येत जाईन," तो शेवटी म्हणाला. "महिन्यातून एकदा. तुला चालत असेल तर येईन, असं नाही; मला यायचंय म्हणून."

तिने मान हलवली आणि टेबलावरचा चष्मा उचलून उगाच हॉस्पिटलची कुठली तरी चिठ्ठी वाचायला घेतली.

"हा काय?" भिंगराव म्हणाला.

"औषधाच्या दुकानात मिळतो. तयार."

"तयार?" त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने तो चष्मा घेतला, उजेडात धरला, फिरवला. "अगं, दोन्ही काचांचे मध्य भलतीकडे आहेत. डोकं नाही दुखत?"

"दुखतं."

त्याने पिशवीतून डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी काढली. ती त्याच्याबरोबर असायचीच. खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. पट्टी तिच्या नाकावर आडवी धरली.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघ," तो म्हणाला आणि उजवा मिटला.

तिने बघितलं. पट्टीचं टोक त्याने तिच्या एका बुबुळाच्या मध्याशी लावलं.

"आता उजव्या." डावा मिटला.

हे माप त्याने हजारो लोकांचं घेतलं होतं आणि कुणाच्याही डोळ्यांकडे बघितलं नव्हतं. बघायची असते ती पट्टी. या वेळी त्याला आकडा वाचायला वेळ लागला. त्याने पुन्हा मोजलं. मग पुन्हा. तिने पापणीही हलवली नाही, फक्त श्वास त्याच्या मनगटावर येत होता. तिसऱ्यांदा आकडा तोच आला आणि त्याने तो कुठे लिहून ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याला बसमध्ये बसवायला आली. बस भरली, तो खिडकीशी बसला, काच उघडत नव्हती. तिने खालून काहीतरी विचारलं, ऐकू आलं नाही. त्याने खुणेने सांगितलं, फोन. आणि मेसेज लिहिला: चष्मा पुढच्या वेळी आणतो, तोवर तो तयार घालू नकोस.

पर्समधला तो तयार चष्मा तिने काढला नाही. फोन वर धरला, मग लांब नेला, मग आणखी लांब, हात पूर्ण ताठ होईपर्यंत. मान मागे घेतली, डोळे बारीक केले. बस हलली. भिंगराव काचेला कपाळ टेकवून बघत राहिला. गर्दीतून कुणी तिला धक्का देऊन गेलं, तरी ती तशीच उभी होती, हात सरळ पुढे, एकेक शब्द लावत. वळणावर एक मालट्रक आडवा आला. तो बाजूला झाला तोवर बस रस्त्याला लागली होती.